लाईट बघायचीय जरा

तार दुपारी आली. पुण्यातल्या आमच्या जिन्यात ती फोडताना मी नकळत उजेडाकडं तोंड करून, मान जरा वळवून उभी होते. वडील गेल्याचं वाचतानासुद्धा त्यांनीच लावलेली सवय... त्या क्षणी मला स्वतःचा राग आला. तो अजून गेलेला नाही.

नान्ना, म्हणजे माझे वडील, सोलापुरातले फोटोग्राफर. घर पद्मशाली विणकरांचं. माग सोडून कॅमेरा धरला म्हणून आजोबांनी कितीतरी दिवस त्यांच्याशी अबोला धरला होता. पुढं नाटक कंपन्या दौऱ्यावर आल्या, सिनेमाची मंडळी आली, की गाडी नान्नांच्या स्टुडिओकडं वळायचीच. एक बडी नटी तर म्हणायची, माझं नाक फक्त सोलापुरात सरळ येतं! दर्शनी काचेतले ते चेहरे बघायला संध्याकाळी गर्दी व्हायची. त्या गर्दीत मीही असायचे, कारण काचेत मी कुठंच नव्हते.

गंमत अशी की प्रत्येक नटीच्या आधी त्या स्टुलावर मीच बसलेली असायचे. घरी आम्ही तेलुगू बोलायचो, पण स्टुडिओत नान्ना माझ्याशीही मराठीच बोलत, गिऱ्हाइकाशी बोलावं तसं. "बस की गं. लाईट बघायचीय जरा." मी बसायचे. ते दिवा सरकवायचे, हनुवटीला बोट लावून मान उजवीकडं वळवायचे, मागं जाऊन बघत राहायचे... कॅमेऱ्यात रोल नसायचा. मग "झालं, ऊठ आता," आणि नटी आत. जेवतानाही तेच. अम्माच्या गालावर खिडकीतला उजेड पडला की यांचा घास हातातच. अम्मा वैतागायची, "दिव्याखाली अंधार! जगाचे फोटो काढता, घरात एक नाही." नान्ना हसायचे. "त्या बाया उद्या जाणार. तुमी कुटं जाताय?"

मी मात्र जाणार होते. लग्न ठरलं तेव्हा इतक्या वर्षांचा राग मनात होता, आणि मी पहिल्यापासून तोंडाची फटकळ. लग्नाच्या सकाळी नान्ना नवा कोट घालून, गळ्यात कॅमेरा अडकवून आले. "आज रोल घातलाय," म्हणाले. त्यांना असं लाजलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आणि मी काय बोलले? "राहू दे नान्ना. दुसरा फोटोग्राफर सांगितलाय मी. आज नुसते वडील व्हा." त्यांनी कॅमेरा काढून अम्माच्या ट्रंकेवर ठेवला. मांडवात दिवसभर त्या माणसाला आपल्या हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. मला ते दिसत होतं, आणि खरं सांगते, बरं वाटत होतं.

तेराव्याला भिंतीवर लावायला त्यांचा फोटो हवा होता. शोधून शोधून सापडला तो माझ्या लग्नाच्या अल्बमात. मी नवऱ्याशेजारी उभी, आणि कडेला नान्ना हात उचलून कुणाला तरी काही खुणावतायत. तेवढाच भाग मोठा करून घ्यायला, तो काढणाऱ्या करीमभाईंकडं गेले. फोटो बघताच त्यांनी नान्नांच्या उचललेल्या हातावर बोट ठेवलं.

"ताई, मी उजव्या बाजूनं घेत होतो. तुमचे वडील खुणा करायला लागले, डावीकडनं घे की. मागनं येऊन कानात म्हणाले, उजव्या भुवईवर व्रण हाय, लहानपणी पडलीती. तिला तो लई लागतो मनाला."

त्या व्रणाबद्दल मी घरात कधी अवाक्षर काढलं नव्हतं. नुसती त्यावर बट ओढून घ्यायचे. तो लपावा म्हणून रोलसुद्धा नसताना ते माझी मान वळवत होते... आणि ज्या दिवशी रोल घातला, त्या दिवशी मी त्यांना नको म्हटलं. आता कुणाला सांगू, चुकले म्हणून?

परवा कुलूप काढून स्टुडिओत गेले. दिवे बंद होते. स्टुलावर बसले तर मान आपली आपणच उजवीकडं वळली. तशीच बसून राहिले. ‘झालं, ऊठ आता’ म्हटल्याशिवाय उठायचं नसतं, एवढंच मला माहीत होतं. शेवटी अम्मानं बाहेरून हाक मारली.