कळू नये म्हणून लिहिलेला कागद

जगातलं वाईट अडाणी माणसं करतात, असं तुम्हालाही शिकवलंय का? मला तरी तेच शिकवलं होतं. बाबा चळवळीची जी पत्रकं छापून वाटायचे, त्यांवर मी वाचायला शिकले, आणि प्रत्येक पत्रकात शत्रू एकच: अज्ञान.

मी अमरावतीत एका एजन्सीत भाषांतरं करते. गेल्या हंगामात एक कन्सेंट फॉर्म आला, म्हणजे संमतिपत्र. कपाशीवरचं नवं औषध फवारताना माणसाच्या अंगावर किती बसतं, याची चाचणी नांदगाव खंडेश्वर तालुक्यात होणार होती. फवारणाऱ्या मजुरांनी फॉर्मवर सही करायची.

मी मराठी केलं. मग ते बॅक ट्रान्सलेशनला अकोल्याला गेलं. म्हणजे दुसरा भाषांतरकार फक्त आपलं मराठी पाहून पुन्हा इंग्रजी करतो. मूळ इंग्रजीशी जुळलं की पास. माझं तंतोतंत जुळलं. आता अचूकतेच्या सर्टिफिकेटवर माझी सही तेवढी बाकी होती.

रविवारी मी नांदगावला देविदासमामाकडे गेले. मामा रोजानं फवारणीला जातो. पुढच्या आठवड्यात सही करणाऱ्यांत त्याचंही नाव होतं. मी वाचून दाखवलं: "सहभागी व्यक्तीस उद्भवणाऱ्या प्रतिकूल परिणामांबाबतचे दायित्व निकषांच्या अधीन राहील व तत्संबंधीचा निर्णय प्रायोजकाकडे राखीव असेल."

"भल्लं भारी लिवलं वं पोरी," मामा म्हणाला.

"समजलं काय?"

"समजलं ना. तब्येत बिघडली तं कंपनी पाहीन."

"नाही मामा. बिघडली तर पाहायचं का नाही, हे कंपनीच ठरवेल."

तंबाखू मळणारा त्याचा अंगठा थांबला. "मंग असं सिधं काहून नाही लिवलं?"

इंग्रजीतही ते तसंच होतं. त्यात एक शब्द खोटा नव्हता. कुणातरी हुशार माणसानं बसून, खरं राहावं पण कळू नये, असं ते वाक्य घडवलं होतं. आणि तितक्याच हुशारीनं मी ते धुकं मराठीत उतरवलं होतं.

"बुद्धीच वाईट असते मामा," मी वैतागून म्हणाले.

"थे मले नाही समजत. पन अडानी मानूस फार तं धुऱ्या-बांधावरून भांडते. असा कागद कराले शिकेलच मानूस लागते."

इतकी वर्षं वाचलेल्या एकाही पत्रकात हे वाक्य नव्हतं.

सोमवारी मी सोपा मसुदा एजन्सीच्या सरांपुढे ठेवला.

"क्लायंटनं पहिला ओके केलाय. सोपं केलं की अर्थ बदलतो."

"बदलला नाही सर. कळायला लागला."

"तुझं काम भाषांतर. चळवळ बापाकडे ठेव. सही कर."

मी केली नाही. दोन दिवसांनी दुसऱ्या कुणीतरी केली. फॉर्म छापला गेला, माझ्याच पहिल्या मसुद्यातल्या शब्दांत. मामानं सही केली नाही; ओट्यावर बसून बाकीच्यांनाही सांगितलं. तरी दोघांनी केली. समजून केली, असं मामा म्हणतो. मला अजून चैन पडत नाही.

शिकले ते एवढंच: भाषांतर अचूक असूनही माणूस फसतो.

म्हणून तुमच्या ऑफिसात, दवाखान्यात, शाळेत कुणाची सही घ्यायची असेल, तर आधी कागद वाचू द्या, मग तो पालथा ठेवा. समोरच्याला म्हणा, "यात काय आहे ते आता तुम्ही सांगा." त्याला सांगता आलं नाही, तर पेन पुढे करू नका.