अनुसयाला न पटलेला चंद्र

माझी शेजारीण अनुसया दर संकष्टीला गच्चीवर पाट टाकून पूर्वेकडे तोंड करून बसायची आणि खाली माझा जीव टांगणीला लागायचा. तिला साखरेचा आजार, सकाळी इंजेक्शन टोचलेलं आणि पोटात नुसतं केळं. त्यात गंगापूर रोडला आमच्यासमोर उंच इमारत झाली, तेव्हापासून चंद्र तिच्यामागून निघायला आणखी तासभर घेई. "कॅलेंडरात चंद्रोदयाची वेळ छापलीय, ती झाली की जेव," हे सांगून मी थकले. तिचं एकच उत्तर, "डोयानी देखसू, मंग जेवसू." मूळची देवळ्याची. इतकी वर्षं नाशकात राहून तिने अहिराणी बोली सोडली नाही, मग हट्ट कुठला सोडणार?

एका वर्षी औषधाच्या दुकानातून मिळालेल्या कॅलेंडरवर अंतराळवीरांनी काढलेले चंद्राचे फोटो होते. श्रावणात आभाळ गच्च भरलं, तेव्हा मी ते घेऊन वर गेले.

"घे. माणसांनी तिथे जाऊन काढलेत. याहून जवळचा चंद्र तुला कोण दाखवणार? जेव आता."

तिने चष्मा पुसला. "हाऊ चांद शे? हाई ते खडीनी खाण शे, अक्का!" मग बोट फोटोतल्या बुटाच्या ठशावर. "बूट घालीसन चढना मेला! आठे मी निवद दखाडू?"

"अगं, त्याच पानावरची वेळ बघून गच्चीवर येतेस आणि फोटो खोटा?"

"खोटा नही. पन माले नही पटना."

त्याच रात्री ती जिन्यात चक्कर येऊन पडली.

पुढची संकष्टी, साखर पुन्हा बिघडल्याने, दवाखान्यात आली. डॉक्टर ओरडले, मुलगा रडकुंडीला आला, पण बाईने ताट सरकवलं ते सरकवलंच. खाटेजवळ खिडकीही नव्हती. मी रागारागाने कॅलेंडर नेऊन तिच्या पांघरुणावर आपटलं. दुसऱ्याच्या सुनेच्या साड्या बघाव्यात तशी नाक मुरडत ती पानं उलटू लागली. एका पानावर थांबली. खाली राखाडी जमीन, वर काळं आभाळ आणि त्यात अर्धा निळा गोळा.

"हाई काय शे?"

"आपण. पृथ्वी. चंद्राकडून अशी दिसते."

"म्हंजे तठे आपण उगतस?"

शास्त्र मला कळत नाही. मी हो म्हटलं.

तिने निळ्या गोळ्यावर बोट ठेवलं. "मंग आज आपले देखीसन तठला लोकेस्ना उपास सुटना व्हई," असं म्हणाली आणि भाकरी मागितली.

तिथे आता कोणी नसतं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण तिने घास उचलला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी तोंडातला शब्द गिळला.

आता ती मुलाकडे देवळ्याला असते. तिथे आभाळ मोकळं आहे. संकष्टीला तिचा फोन येतो, "अक्का, दिसना. जेवस मी." मी उपास करत नाही, कधी केलाही नाही. पण तो फोन येईस्तोवर मला ताटावर बसता येत नाही, भाजी गार होते, आणि त्या बाईला त्याचं काहीएक नाही.