अक्काचं जीए

मी साताऱ्याच्या एका शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं. बी का रुजतं आणि का रुजत नाही, हा माझा हुकमी धडा. तरी माझ्याच हातून चंदनाच्या बिया कुजल्या, आणि त्या बाजारातून आणलेल्या नव्हत्या.

म्हसवडला आमच्या बांधावर आईनं जपलेलं चंदनाचं झाड होतं. आई गेली आणि पुढच्याच वर्षी चोरांनी ते कापून नेलं. खाली सापडलेल्या मूठभर बिया थोरल्या बहिणीनं, अक्कानं, माझ्या हातावर ठेवल्या. "तू मास्तर हायेस. यातनं एक तरी झाड उठीव," म्हणाली.

चंदनाचं बी महा आळशी. त्याला जिबरेलिक आम्लाच्या पाण्यात भिजवलं तर ते लवकर जागं होतं. अक्काचं सासर तासगावचं, द्राक्षवाल्यांचं. तिथं घड फुगवायला तेच आम्ल वापरतात आणि त्याला नुसतं 'जीए' म्हणतात. मी तिच्याकडून चिमूटभर पावडर मागून घेतली. कशी वापरायची ते ती सांगायला लागली, तर मीच ऐटीत म्हणालो, "अक्का, हे मी पोरांना शिकवलंय."

घरी येऊन पावडर पाण्यात टाकली, भरपूर ढवळली, निम्म्या बिया भिजवून पेरल्या. दोन महिने काही नाही. उकरून पाहिलं तर लगदा झालेला. मला रडूच यायचं बाकी होतं. शेवटी अक्काला फोन केला.

"कशात कालवलीस पावडर?"

"पाण्यात."

"आरं मास्तर, पाण्यात ती इरघळतीय व्हय? आदी जरा स्पिरिटात इरघळवायची, मग पाणी घालायचं. आमच्याकडं जीएत घड बुडवाय येणाऱ्या बायास्नीबी ठावं हाय ह्ये!"

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच एसटीनं आली. उरलेल्या बिया तिनं भिजवल्या, मी निमूट वाटी धरून बसलो. मग अब्रू राखायला धडा सुरू केला : बीमध्ये एक रसायन असतं, ते बीला झोपवून ठेवतं, अवेळी उगवून मरू नये म्हणून. जिबरेलिन, म्हणजे तुझं जीए, त्याच्या उलट. ते आतल्या अन्नसाठ्याला हात घालतं, त्याची साखर करतं, आणि कोंब त्यावर वाढतो.

"म्हंजी एक थांब म्हणतंय, एक चल म्हणतंय," अक्का म्हणाली. "येवढंच सांगायला तुला तास लागायचा?"

त्या बियांतून एकच कोंब आला. काडीसारखा, उंचच उंच. "डोस जास्त झाला," अक्कानं फोनवरचा फोटो बघून निदान केलं. चंदनाला शेजारच्या झाडाच्या मुळांतून अन्न घ्यावं लागतं, म्हणून मी त्याच कुंडीत तूर लावली.

आता रोप कुणी ठेवायचं? तिचा जीव त्याच्यात अडकलेला मला दिसत होता. पण तिच्याकडं बागेत औषधांच्या सारख्या फवारण्या, त्यात रोप टिकलं नसतं. "तुज्याकडंच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मी येत जाईन."

आई गेल्यापासून आम्हा दोघांना भेटायला घरच उरलं नव्हतं. अक्का माझ्याकडं आली तरी संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. परवा आली, कुंडीजवळ बराच वेळ उकिडवी बसली, आणि मग तिनं पिशवीतून स्वतःची उशी काढली.