गवत लावणारा सुदाम

सुदाम कंडक्टरच्या सीटवर बसलेला मी कधी पाहिला नाही. माझ्या एसटीवर तो वर्षानुवर्षं होता, पण ती सीट कायम एखाद्या म्हातारीला नाहीतर लेकुरवाळीला दिलेली. हा आपला दारापासून माझ्या मानेपर्यंत आणि तिथून मागच्या काचेपर्यंत येरझारा घालत. तिकिटं देऊन झाली तरी उभाच. मी आरशात पाहून ओरडायचो, "अरे बस ना बाप्पा एका जागी! गाडी मी चालवून राह्यलो, तू काहून धावतं?" त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर असे, "बसलो का डोस्कं चालू होते, भाऊ. उभाच बरा."

डोक्यात काय चालू व्हायचं ते सगळ्या डेपोला ठाऊक होतं. कापूस! राळेगाव तालुक्यातल्या एका गावात त्याचं आणि त्याच्या मोठ्या भावाचं मिळून एक वावर. शेती दादा करायचे, सुदाम पगार आणायचा. त्या वर्षांत कापसाचं काही खरं नव्हतं. पाऊस फसला की दुबार पेरणी, झाड उभं राहिलं की अळी, आणि बोंड फुटलं की भाव झोपलेला. सकाळी गाडीत पेपर एका हातातून दुसऱ्या हातात जायचा आणि आत विष घेतलेल्या कुणा शेतकऱ्याचं नाव वाचून जो तो घडी घालून पुढे द्यायचा. पेरणीचा मिरग जवळ आला की दादा भरल्या ताटावरून उठून आभाळ पाहायला जात. ते सुदामला बघवत नसे. "दरसाल नव्यानं डाव कायले मांडाचा?" तो माझ्या कानाशी येऊन म्हणायचा. "एकदा लावलं का पाच-सहा साल पेराचं कामच नाही, असं काही तरी दादाले देऊन ठेवाचं हाय मले."

ते 'काही तरी' त्याला एका कृषी प्रदर्शनात सापडलं. बाजरी आणि हत्तीगवत यांच्या संकरातून काढलेलं गवत. माणसाच्या दुप्पट उंच होतं, कापलं की बुडातून पुन्हा फुटतं. ते वाळवून जळण म्हणून विकायचं. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पऱ्हाट्या-तुराट्या, म्हणजे कापसाची नि तुरीची वाळलेली झाडं, दळून, दाबून बॉयलरसाठी जळणाचे ठोकळे करत; त्यांना हे चालणार होतं. सुदाम प्रदर्शनातून उसासारख्या कांड्यांची मोळी घेऊन आला आणि माझ्या सीटमागे ठेवली. पुढचे कितीतरी महिने माझ्या मानेला ते काटेरी पान टोचत होतं.

आणि मग याचा एक खेळ सुरू झाला. वावरात लावण्याआधी गवताचा स्वभाव कळला पाहिजे, म्हणे. ज्या गावी आमची गाडी जाई, तिथे डेपोच्या मागे, गाड्या धुतलेलं पाणी जिथे जिरतं तिथे, हा दोन कांड्या खोचून येई. वणीला कोळशाच्या धुळीत, चिखलदऱ्याला थंडीत, सोलापूरला कोरड्या उन्हात. नंतर प्रत्येक फेरीला गाडी थांबली रे थांबली की उडी मारून मागे पळायचा. प्रवासी खवळायचे, "कंडक्टर कुठं गेला?" मी म्हणायचो, "पोराला पाहायला गेलाय." परत आला की चेहऱ्यावरून समजायचं. चिखलदऱ्याचं गवत हिवाळ्यात करपून लाल पडलं, तर दोन दिवस धड जेवला नाही. "थंडी सोसत नाही बिचाऱ्याले." वणीचं मात्र त्या भट्टीसारख्या उन्हात वाळून खाक झालं आणि पहिल्या सरीला पुन्हा फुटलं. त्या दिवशी भर डेपोत यानं मला मिठी मारली. माझ्या हातात चहा होता, तो सगळा युनिफॉर्मवर सांडला. मी शिव्या दिल्या, पण खोटं कशाला बोलू, मलाही आनंद झाला होता.

घरी मात्र वांधे झाले. दादा ऐकेनात. "लोकं जलमभर गवत निंदून फेकते, अन् तू वावरात गवत लावून राह्यला?" सुदामनं हट्टानं अर्ध्या वावरात लावलंच. झालं! दादांनी त्या तुकड्यात पाऊल टाकायचं सोडलं आणि सुदामशी बोलणंही. दोघं एकाच ओसरीवर जेवत, पण एक शब्द नाही. सुदाम आतून पार पोखरला गेला. गाडीत त्याच्या येरझारा वाढल्या, घंटी उगाचच वाजवायचा.

माघात गवत पिवळं पडून खडखडीत वाळलं. कापून लोहाऱ्याला नेलं. कारखान्याचा मॅनेजर खूश झाला, पण पक्का माणूस. म्हणाला, "पहिल्या वर्षी काय, सगळंच येतं. पावसाळ्यात त्याच बुडांतून फुटवा दाखवा, मग सगळ्या गावाचं घेतो." गावातले चार-सहा जणही त्या फुटव्याकडे डोळे लावून बसले. एक पाऊस तेवढा पडायचा होता.

मग लग्नसराई आली. रजा बंद, आम्ही पुण्याच्या गाडीवर. मिरगाच्या तोंडावर कशीबशी सुट्टी मिळाली तेव्हा तो मलाही ओढत गावी घेऊन गेला. बांधावर पोचलो आणि मी थबकलो. वावर काळंभोर, साफ, हातानं सारवल्यासारखं. बांधावर मुळांसकट उपटलेल्या ठोंबांचा ढीग, अर्धा जळलेला.

कापूसवाल्यांची रीतच ही. अक्षय तृतीयेनंतरही वावरात जुन्या पिकाचं धसकट राहिलं तर माणूस आळशी ठरतो. उन्हाळ्यात ती बुडं मेलेलीच दिसत होती, आणि बुडातून फुटतं हे दादांना सांगणार कोण? बोलणंच बंद होतं ना! गावाला वाटलं, सुदामनंच सांगितलं असणार.

दादा लोखंडी सब्बलीवर हात टेकून उभे होते. कमरेतून वाकलेले, तळहातांवर फोड. मागच्या कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा ते धाकट्या भावाशी बोलले. "पाह्य, एक धसकट ठेवलं नाही. लय घट्ट मुयं होती रे. म्हटलं, तू तिकडे गाडीवर उभा राहून मरतं, आपणच करून द्याव. झालं ते झालं, पोट्ट्या. आता राग नको धरू."

माझ्या तोंडात शब्द आला होता, अहो दादा, हे काय करून बसलात! सुदामनं माझा दंड इतका आवळला की वळ उठला. एरवी एक मिनिट गप्प न राहणारा हा बाबा पुढे झाला, दादांचे हात हातात घेतले आणि म्हणाला, "लय साजरं काम केलं, दादा."

परत येताना मी फार भांडलो. "अरे, पुन्हा लाव ना!" तो म्हणाला, "पुन्हा लावलं तं गाव दादाले सांगन का नाही, मागचं तूच मारलं म्हणून? त्याले समजलं तं तो मरन, भाऊ." कारखान्यात जाऊन सांगून आला की आमच्या उन्हात गवत टिकलं नाही. गावालाही तेच. "मेलतं ते. मीच दादाले उपटाले लावलं." पोरंसोरं त्याला 'गवतवाले' म्हणून चिडवू लागली, हा हसायचा. माझं रक्त उकळायचं. दादांना जाऊन आता काळ लोटला, म्हणून हे लिहितोय. सुदामची परवानगी अजूनही नाही.

त्या वर्षी अख्ख्या वावरात पुन्हा कापसाची पऱ्हाटी लागली. श्रावणात मी गेलतो. दोघं भाऊ निंदत होते, दादांच्या तोंडाला खंड नव्हता. पऱ्हाटीच्या ओळींत मध्येच, सब्बलीतून सुटलेल्या बुडातून, हिरवागार फुटवा वर आला होता. एक, पलीकडे दुसरा, तिसरा. वणीच्या गवतासारखाच जोमदार. सुदामनंही पाहिलं. तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी ओढू लागला.

"कायचं गवत होय रे?" दादांनी विचारलं.

"निंदणच होय, दादा."

"मुयासकट काढजो. नाही तं पुन्हा फुटते."

"हो दादा," सुदाम म्हणाला, आणि पुढच्या ठोंबाला हात घातला.