आईची साखर आणि माझा नियम

मस्कतमधल्या अल् खुवैरच्या ऑफिसात मी आजारी म्हातारी माणसं शोधायचो, तीही त्यांचं तोंड न बघता. दवाखान्यांच्या नोंदी कॉम्प्युटरवर यायच्या. साठीपुढच्या कुणाला वर्षात दोनदा मधुमेहाच्या गोळ्या दिलेल्या दिसल्या की त्या पेशंटचा नंबर जुनाट आजाऱ्यांच्या यादीत गेला. हा नियम मी बसवलेला, आणि दार्सैतच्या घरी जेवताना मी त्याची रोज टिमकी वाजवायचो. बायको वरण वाढत राहायची.

चिपळूणहून आणलेली आई तीन वर्षं आमच्याकडेच होती. एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, हौसेने मी तिची इथल्या दवाखान्याची फाइल काढली आणि तिलाही नियम लावला. खोकला, डोळ्यांचे थेंब, बास.

"आई, तुला साखरबिखर काही नाही," मी निकाल दिला.

तिने विचारलं, "नक्की?"

"अगं, हेच तर माझं काम आहे."

दोन महिन्यांनी ती ओट्यापाशी चक्कर येऊन पडली. दवाखान्यात रक्त तपासलं, साखर भयंकर वाढलेली. "कब से है?" डॉक्टरांनी विचारलं.

"है ही नहीं. रेकॉर्ड देखा है मैंने," मी म्हणालो. डॉक्टरांनी माझ्याकडे दुर्लक्ष करून आईकडे पाहिलं.

"नौ साल," आई म्हणाली.

गावाहून सुट्टी संपवून येणाऱ्याबरोबर औषधं मागवायची, ही आमच्याकडची रीतच. आईच्या गोळ्याही कोकम-मेतकुटाच्या पिशवीतून यायच्या, म्हणजे इथल्या नोंदीत त्या दिसणारच नव्हत्या, आणि ती पिशवी आणायला अल् अमेरातपर्यंत गाडी हाकायचो मीच. पाकिटावर काय लिहिलंय ते मी एकदाही वाचलं नाही. गुडघ्यांचं औषध असेल, असं परस्पर ठरवून टाकलं होतं. सगळ्या मस्कतचे म्हातारे धुंडाळणारा हा शहाणा!

"मग गोळ्या बंद का केल्यास?" गाडीत मी विचारलं.

"तूच म्हणालास ना, काही नाही म्हणून. मला वाटलं, गेली असेल."

मला इतकी लाज वाटली की सिग्नल हिरवा झालेला कळला नाही. मागच्याने हॉर्न वाजवला. आईने माझ्या हातावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "हे ऑफिसात कळलं, तर तुला कुणी बोलणार नाही ना रे?"