मेणातला तुकडा

मावशी प्रयोगशाळेत मेंदूच्या गाठींचे काप काढायची. गाठीचा तुकडा मेणात बसवायचा, यंत्रावर केसाहून पातळ काप काढायचा, कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर घ्यायचा, रंगवायचा. उभी हयात त्यात गेली. कुणी जाड काप काढला की तिचा पारा चढायचा. "लाकडं फोडतोयस का रे?"

गाठींची तिची स्वतःची वर्गवारी होती. मेंदूवरच्या आवरणातून उठते ती कुंपणावरची; बहुधा सावकाश वाढते, काढली की बरेचदा सुटका. फुप्फुसातून वगैरे पसरत आलेली ती उपरी. आणि मेंदूला आधार देणाऱ्या पेशींतूनच उठते ती घरभेदी. तिच्यात पुन्हा चार श्रेणी: पहिली गरीब, चौथी महाबिलंदर.

मग तिच्याच धाकट्या भावाच्या डोक्यातली गाठ काढली. त्याने आधीच बजावलं होतं, "ताई, काय निघेल ते तूच सांगायचं. गुळमुळीत नको."

दुसऱ्या दिवशी तुकडा कापायला आला. काप तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, घरी जा. दुसरं कुणी कापेल."

"दुसरं कुणी? काहीतरीच काय!"

तिने स्वतःच काप काढला, रंगवला आणि काच बाईंपुढे ठेवली. बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले. त्यांची रीत ठरलेली, आधी कापाबद्दल बोलायचं, मग आजाराबद्दल.

"सुरेख काप, मावशी. एक सुरकुती नाही."

आणि मावशी खुलली! सवयीनंच, शाबासकी मिळालेल्या पोरीसारखी.

मग बाई हळूच म्हणाल्या, "घरभेदी आहे. पेशी भराभर वाढतायत, मधेमधे मेलेले भाग. जनुकांची तपासणी व्हायचीय, पण चौथीच."

आपण आत्ता हसलो, हे ध्यानात येताच मावशी उठली आणि वॉर्डाकडे निघाली.

जिना चढताना तिने खोटं जुळवलं. पहिली म्हणू. फार तर दुसरी. पक्का रिपोर्ट यायला अवकाश आहे, तोवर कुणाचं काय बिघडतंय?

भावजय वॉर्डाच्या दाराबाहेर बसली होती. तिच्याकडे न बघता मावशी आत गेली. भाऊ उशीला टेकून होता, डोक्याला पट्टी.

"सांग."

"चौथी," तिच्या तोंडून निघून गेलं.

"औषधं आहेत, किरणं आहेत," ती घाईने म्हणाली. "थोडा वेळ मिळतो. पण बरं..."

त्याने तिचा हात धरला. "इथेच रडून घे, ताई. मग डोळे पूस आणि हिला आत पाठव. हिला मी सांगतो."