दरड माझ्या घरावर पडली नव्हती

"जॅकेट काढ. ते ब्लँकेट अंगावर घे आणि तिथं उभी राहा."

साहेब मला म्हणाला. सकाळी नाशिकच्या हॉटेलात हाच माणूस मला मॅडम म्हणत होता.

पेठकडच्या एका पाड्यावर दरड कोसळली होती. घरं माणसांसकट गाडली गेली होती. मी तेव्हा कुणाच्या नोकरीत नव्हते. भूकंप, पूर, लढाई, काही झालं की परदेशी संस्था मला सल्लागार म्हणून बोलवायच्या. मदत आधी कुणाला, ती कशी पोचवायची, हे मी ठरवायचे. आफ्रिकेतल्या छावण्यांत हेच केलं होतं. माझ्या माणसांत मात्र कामासाठी पहिल्यांदाच आले होते. माझं माहेर सुरगाण्याकडचं. आम्ही कोकणा आदिवासी.

या वेळी मला बोलावलेल्या संस्थेच्या मुंबई ऑफिसचा साहेब प्रमुख. त्याला देणगीदारांसाठी फोटो हवा होता. एका म्हातारीची सून आणि नातू दरडीखाली गेले होते. ती म्हणाली, "फोटू नको." आणि झोपडीत निघून गेली.

मग साहेबानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तू पण यांच्यातलीच ना? चेहरा तोच आहे. कुणाला कळतंय?"

मला वाटलं, चेष्टा करतोय. तोवर त्यानं ब्लँकेट माझ्या डोक्यावरून टाकलंही. कॅमेरा वाजला. फोटोग्राफर हसला. "एकदम ओरिजिनल, सर."

कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यांनी मला मीच दाखवली. अंग चोरून उभी असलेली बाई. माझं शिक्षण, माझं काम, कशाचा मागमूस नाही. नुसती कातडी.

म्हातारी दारातून बघत होती. तिनं विचारलं, "तुजा कोन गेला गं, बाय?"

तिला वाटलं, माझंही कुणी मातीखाली आहे. स्वतःच्या घरचं गेलं असूनही ती माझ्यासाठी रडत होती. माझी मान वर होईना. तिची मढी माझ्या अंगावर पांघरली होती त्यांनी.

ब्लँकेट मी तिला दिलं. साहेबाला म्हटलं, "फोटो पुसा."

"तमाशा नको. पुढचं काम पाहिजे ना?"

मी फोटोग्राफरच्या हातातून कॅमेरा ओढला आणि खडकावर आपटला. पुन्हा आपटला.

साहेब शांतपणे म्हणाला, "शेवटी जातीवर गेलीस."

"गेले," मी म्हटलं. "आता कुठे गेले."

जीप मला तिथंच टाकून गेली. मी पाड्यावर राहिले. लोकांबरोबर माती उपसली. नातू सापडला. सून सापडली नाही.

बाईचं डोकं फिरलंय, असं साहेबानं सगळ्या संस्थांना कळवलं. पुढे कितीतरी काळ मला कुणी बोलावलं नाही. आता कधीमधी बोलावतात. मी आधीच सांगते, मेलेल्यांच्या दारात कॅमेरा नेऊ देणार नाही. पटत नसेल तर दुसरी बघा.

बहुतेक जण दुसरी बघतात. बघोत. उपाशी राहीन, पण अट काढणार नाही.